मेंढ्यांना 'तुम्ही' म्हणणाऱ्या बाई

आमच्या बाई सगळ्यांना 'अहो-जाहो' करायच्या. मला, वॉचमनला, पुण्याहून येणाऱ्या साहेबांना आणि शेडमधल्या मेंढ्यांनासुद्धा. "जरा सरकता का, मला आत यायचंय," असं मेंढीला म्हणायच्या आणि ती सरकेपर्यंत दारात उभ्या राहायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदर तोंडात धरून तिथून पळाले होते. माझे सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, त्यांचा जन्म मेंढरांत गेला. तेही म्हणाले, "पोरी, ही बाई मेंढराला पाव्हण्यावानी वागवती. डोक्यावर बसत्याल तिच्या."

बाईंचं नाव मी लिहीत नाही. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी नाव नको. प्रयोगशाळेत सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी बाई म्हणायचे. शाळेत चौथीपर्यंत बाईच होत्या, तोच शब्द तोंडात राहिला.

कारेगावच्या पुढे मोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्या पाठीमागे एका बैठ्या इमारतीत ही प्रयोगशाळा होती. मी तिथे काचेची भांडी धुवायला लागले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आजही. कामावर घेताना बाईंनी एकच विचारलं, "भांडं स्वच्छ निघालंय हे तुम्हाला कसं कळतं?" मी खाली बघत गप्प राहिले. बाईही गप्प. पंखा फिरत होता. दुसरं कुणी असतं तर पुढचा प्रश्न विचारला असता नाहीतर घरी पाठवलं असतं. बाई नुसत्या बसून राहिल्या, जणू त्यांना दिवसभर दुसरं कामच नव्हतं. शेवटी मीच अवघडून म्हणाले, "पाण्याचे थेंब अडकत न्हाईत, पाणी सरळ उतरतं." "उद्यापासून या," बाई म्हणाल्या.

हे थांबणं हीच त्यांची खरी खोड. त्यांच्या थांबण्याला घाबरून भलेभले बोलायला लागायचे.

बाई दौंडच्या, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. वडील यार्डात डबे जोडायच्या कामावर होते. त्यांचं मोठं घड्याळ बाईंच्या हातात असायचं. ते इतकं सैल होतं, की हात वर केला की कोपरापर्यंत घसरायचं. वेळही त्या रेल्वेचीच सांगायच्या. "सोळा वाजून दहा झाले, चहा कुठंय?" आम्हा बायकांना सोळा म्हणजे किती ते बोटांवर काढावं लागायचं. केस पुरुषासारखे कापलेले. लग्न केलेलं नव्हतं. कुणी आगाऊपणे विचारलंच तर म्हणायच्या, "राहून गेलं. मशीन चालू होतं."

आम्ही तिथे काय करतो हे मी कधी विचारलं नव्हतं. बाईंनी आपणहून सांगितलं, ते भांडी धुण्याच्या मोरीपाशी येऊन, नळ बंद करून. म्हणाल्या, "आपल्या अंगात प्रथिनं असतात. लांबच लांब मालगाड्या समजा. मी त्यातला एक लहान तुकडा इथं बनवते, त्याला पेप्टाइड म्हणतात. एक डबा जोडायचा, धुवायचं, पुढचा जोडायचा. क्रम चुकला की सगळी गाडी फुकट. माझा हा तुकडा जखमेवर ठेवला की तो आजूबाजूच्या पेशींना हाक मारतो, या, इथं भरायचंय. निदान मारत असावा." मग घड्याळ मागे सारलं. "वडील डबे जोडायचे, मीही तेच करते. माझे डबे दिसत नाहीत, एवढंच."

कितीतरी दिवस डबे जोडल्यावर काचेच्या बाटलीच्या तळाशी पांढरं काहीतरी उरायचं, पिंजलेल्या कापसासारखं, फुंकर मारली तर उडेल असं. आम्ही सगळे बाटलीभोवती जमायचो. ताई, म्हणजे शिरूरची बी.एस्सी. झालेली मुलगी, बाईंच्या हाताखाली होती, ती टाळ्या वाजवायची. बाई बाटली उजेडात धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून मोजायचंय." दुसरं कौतुक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

त्यांच्याकडे जखमेचं औषध आहे ही बातमी कारेगावात पसरली होती. एकदा एक व्यायामशाळेवाला आला. दंड मांडीएवढे, खांद्यावर पिशवी. पिशवीतून छोट्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या.

"मॅडम, खांद्याला लागलंय. हे पेप्टाइडच हाय, ऑनलाइन मागवलंय. पोरं म्हणत्यात टोचलं की आठवड्यात बरं. खरं हाय का तेवढं बघा."

"ठेवून जा," बाई म्हणाल्या.

तो पुन्हा आला तेव्हा बाईंनी त्याला संगणकासमोर बसवलं. मशीनमध्ये घातलेला माल चोख असला की पडद्यावर एकच उंच डोंगर येतो, हे तोवर मलाही माहीत झालं होतं. बाई म्हणाल्या, "इथं एक डोंगर पाहिजे. तुम्ही तर सगळा सह्याद्री आणलाय. यात काय काय आहे ते मला अर्धंच कळलं. तुम्हाला किती कळलंय?"

"म्हंजी टोचू नको?"

"हाडांच्या डॉक्टरकडं जा. आणि तोवर ते डंबेल ठेवा खाली."

"मग तुमचं तरी द्या मॅडम. तुमचं चोख आसंल."

"माझं मेंढ्यांसाठी आहे. चार पायांवर आलात तर विचार करू."

तो हसत गेला, पण बाटल्या बाईंकडेच ठेवून गेला.

हाच नियम त्या स्वतःलाही लावायच्या. एकदा काच फुटून त्यांचा तळहात चांगला चिरला. ताई धावत त्यांचंच मलम घेऊन आली. बाईंनी हात पाठीमागे लपवला, लहान मूल लपवतं तसा. "मी मेंढी आहे का? माझ्यावर लावायची परवानगी कुणी घेतलीय?" आणि मेडिकलच्या दुकानातली साधी पट्टी लावून शिरूरला टाके घालायला गेल्या.

आता चहाबद्दल. सोळा वाजून दहा मिनिटांच्या त्या चहाला सगळ्यांनी यायचं, वॉचमननेसुद्धा. आणि प्रत्येकाला बाई विचारायच्या, "आज तुम्ही काय पाहिलंत?" काय वाटलं ते सांगायचं नाही, पाहिलेलं सांगायचं. कुणी म्हणालं, "मला वाटतं फ्रिज बिघडलाय," की बाई म्हणायच्या, "वाटतं ते घरी सांगा. इथं पाहिलेलं सांगा." मग तो म्हणायचा, फ्रिजखाली पाणी साचलं होतं. मी दाराच्या आडोशाला बशीत चहा घेऊन उभी राहायचे. माझी पाळी आली की बाई थांबायच्या. मी रोज एकच सांगायचे, "भांडी स्वच्छ होती." बाई मान हलवायच्या आणि पुढे जायच्या. वर्षानुवर्षं मी तेवढंच सांगितलं.

मेंढ्या आल्या तेव्हा प्रयोगशाळेचे दिवस भरत आले होते. साहेबांनी पैसा घातला होता आणि हाती अजून काही लागलं नव्हतं. शेजारच्या कंपनीला गोदामाला जागा हवी होती. साहेबांनी बाईंना आमच्यासमोरच सांगितलं, "मॅडम, ही शेवटची टेस्ट. मेंढीवर फरक दिसला तर पुढे जाऊ. नाही दिसला तर मी जागा गोदामाला देतो. राग मानू नका." बाई म्हणाल्या, "राग कशाला? तुमची जागा आहे." पण त्या दिवशी त्यांनी चहा तसाच ठेवला.

लागतील त्या परवानग्या आल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी भूल देऊन प्रत्येक मेंढीच्या पाठीवर दोन लहान जखमा केल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दुखू नये म्हणून इंजेक्शनं दिली. एका जखमेवर बाईंचं पेप्टाइड घातलेलं मलम, दुसरीवर तेच मलम, पण साधं. कुठल्या मेंढीच्या कुठल्या बाजूला काय लावलंय हे फक्त ताईला माहीत होतं. बाईंना नाही, डॉक्टरांना नाही. बाईंनीच तसं ठरवलं होतं. "मला कळलं तर माझे डोळे माझ्याच बाजूनं बोलतील," म्हणायच्या.

मेंढ्या सांभाळायला माणूस हवा होता. आम्ही धनगर. आबा तरुणपणी मेंढरं घेऊन घाट उतरायचे, आता घरची शेती बघतात. मी कशीबशी ताईला सांगितलं, ताईने बाईंना, आणि आबा कामावर आले. बाईंनी त्यांना हात जोडून सांगितलं, "आबा, यांना सांभाळा. माझं सगळं आता यांच्या पाठीवर आहे." आबा म्हणाले, "काळजी सोडा."

पहिल्या दिवसांत प्रत्येक मेंढीची एक बाजू दुसरीपेक्षा पटपट भरते आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. बाई "अजून मोजायचंय" म्हणाल्या, पण चहात दोनदा साखर घातली. आणि मग काय झालं कळेना, मागे पडलेली बाजूही भराभर भरत आली. शेवटच्या मापाला दोन्ही बाजू सारख्या. डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. सारख्याच.

साहेब पुण्याहून आले ते गोदामाच्या माणसाला गाडीत घेऊनच. सोळा वाजून दहा झाले होते. बाईंनी साहेबांनाही चहाला बसवलं आणि नेहमीसारखं विचारायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "जखमेच्या कडेला लोकरीवर पिवळट डाग दिसले. आयोडीनचे समजून मी सोडून दिले." साहेब घड्याळ बघत होते. मी म्हणाले, भांडी स्वच्छ होती. मग बाई आबांकडे वळल्या. आबा रोज चहाला यायचे, पण मेंढ्यांनी चारा खाल्ला एवढंच सांगायचे.

"आबा, तुम्ही काय पाहिलंत?"

"पाह्यचं काय? म्याच केलं की," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही भीती नव्हती, उलट पाठ थोपटून घ्यायला आल्यासारखे ते पुढे सरकले. "येक बाजू भरत व्हती आन् दुसरी मागं पडली व्हती. मला बघवंना. सांजच्याला पट्टी उचलून हळद आन् करडीचं तेल लावायचो. सकाळी डाक्टर यायच्या आधी कोमट पान्यानं पुसून काढायचो, जागा साफ दिसावी म्हणून. आता बघा, दोन्ही झाल्या का न्हाई?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. आमच्या घरच्या माणसाने बाईंचं इतक्या वर्षांचं काम हळदीत घातलं होतं, आणि त्यांना वाटत होतं, भलं केलं.

साहेब हसले. "व्वा. म्हणजे मॅडम, तुमच्या पेप्टाइडइतकीच हळद चालते. हळदच विकली असती तर परवडलं असतं."

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्या साहेबांकडे बघतच नव्हत्या. बराच वेळ थांबून त्यांनी विचारलं, "आबा, मागं पडलेली बाजू कुठली? डावी की उजवी?"

"आसं येका शब्दात कसं सांगू? कुनाची डावी, कुनाची उजवी. जी मागं ती."

बाई उठल्या. घड्याळ कोपरापर्यंत घसरलं. "दाखवा."

सगळी वरात शेडमध्ये गेली. साहेबही आले, गोदामाचा माणूसही आला. आबा एकेका मेंढीपाशी उभे राहून बोट ठेवू लागले. "ही बांडी, हिची हिकडची. ही मोरी, हिची तिकडची." रंगावरून त्यांनी मेंढरांना नावं ठेवली होती, आणि मेंढरं त्यांना माणसांसारखी तोंडावरून ओळखू येतात. ताई मागे उभी होती. बाईंनी तिला बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही, चेहराही हलवायचा नाही. पण चेहरा कसा आवरायचा? तिसऱ्या-चौथ्या मेंढीपासून तिने ओढणी तोंडाशी धरली ती शेवटपर्यंत.

"आता बोला," बाई म्हणाल्या.

ताईने ओढणी खाली घेतली. "मॅडम, आबांनी दाखवलेल्या सगळ्या साध्या मलमाच्या आहेत. एक मेंढी सोडून सगळ्या."

म्हणजे आबांना काही ठाऊक नसताना त्यांनी मागे पडलेल्या म्हणून ज्या बाजू निवडल्या, त्या बाईंच्या औषधाविनाच्या होत्या. मला हे समजायला वेळ लागला. साहेबांना लागला नाही.

"मॅडम, मग झालं की! माणसाला काही माहीत नाही आणि त्याने बरोबर ओळखलं. यापेक्षा मोठं प्रूफ कुठलं? उद्याच तसं लिहून टाकतो. टेस्ट पास."

बाईंनी फक्त होय म्हणायचं होतं. प्रयोगशाळा राहिली असती, गोदामाचा माणूस आल्या वाटेने परत गेला असता. मी मनात म्हणत होते, म्हणा हो बाई, होय म्हणा.

"नाही," बाई म्हणाल्या. "ही चाचणी खराब झालीय. सांगायला गोष्ट छान आहे, पण आबांना दया कुठं आली यावर मी औषध उभं करणार नाही. यांच्या पाठीवर शेवटी सगळं सारखंच भरलंय, ते तसंच लिहायचं."

"आणि मी जागा गोदामाला दिली तर?"

"तर द्या. पण पास लिहू नका."

साहेब बराच वेळ मेंढ्यांकडे बघत राहिले. बाईंची थांबायची सवय त्यांना पहिल्यांदा लागली असावी. मग म्हणाले, "अजून एकदा. एकदाच. आणि मेंढपाळ बदला."

"आबाच राहतील," बाई म्हणाल्या. "मी त्यांना मेंढ्या सांभाळायला सांगितलं, त्यांनी सांभाळल्या. एक जखम तशीच सोडायची आहे आणि ती का, हे मी सांगितलं नव्हतं. चूक झालीय ती माझी."

त्या दिवशी घरी जाताना आबा मागे न बघता पुढे चालत होते. मीही पदर सावरत मागून चालत होते, पण मान खाली नव्हती.

आबांना तयार करणं साहेबांपेक्षा अवघड गेलं. नवी मेंढरं आली त्या दिवशी आबा दारातच अडले. "हळद लावायची नसंल तर मला नगा ठेवू. जितराबाला दुखतंय आन् हात बांधून बसू व्हय?"

"दुखत नाही आबा, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंय."

"मेंढरानं येऊन सांगितलं तुमास्नी?"

बाईंनी विचार केला. "नाही, सांगितलं नाही," म्हणाल्या आणि मेंढ्यांत मांडी घालून बसल्या. आबाही बसले. बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, "हळद लागू पडते हे तुम्हाला कसं कळलं?"

"लावली की भरती."

"आणि न लावता भरली असती तर?"

आबांनी जवळच्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवला. बाई म्हणाल्या, "मला तेच बघायचंय. माझ्या औषधाचं. कदाचित त्यानं काहीच होत नसेल आणि मी उगीच इतकी वर्षं डबे जोडत बसले असेन. ते मला कळायला पाहिजे. तुम्ही हात लावू नका, पण रोज बघा आणि कुठली बाजू मागं आहे ते सांगा. एखादी चिघळली तर डॉक्टर त्याच क्षणी चाचणी थांबवून तिला औषध देतील. हा माझा शब्द."

आबांनी बंडीच्या खिशातून हळदीची पितळी डबी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली. "मंग ही तुमच्यापाशी ठेवा. जवळ आसली तर माझा हात ऐकायचा न्हाई."

बाईंनी ती डबी जिथे पेप्टाइडच्या बाटल्या असतात त्या थंड कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. डॉक्टर हसले, तर म्हणाल्या, "मौल्यवान आहे."

आबांना लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं सांगणं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नाही नाही म्हणत होते. बाई थांबल्या. मग मी पाटी घेतली. आबा सांगायचे, मी मेंढीचं नाव आणि पुढे 'डावी' किंवा 'उजवी' लिहायचे, डॉक्टर पाटी न बघता निघून जायचे, आणि ताई संध्याकाळी पाटीचा फोटो काढायची. माझी अक्षरं मोठी, ओळ सोडून उतरणारी. बाई एकदा पाटी बघून म्हणाल्या, "वाचता येतंय. सगळ्यांचं वाचता येत नाही."

या वेळी हळद नव्हती. डॉक्टरांचं माप आणि आबांची पाटी दोन्ही बाईंच्या औषधाच्याच बाजूने गेली. आबांनी पाठीवर हात फिरवत नवी मेंढरं मोकळी केली. साहेबांनी पेढे आणले. गोदामाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. बाई पेढा हातात धरून म्हणाल्या, "मेंढीचं कळलं. माणसाचं काहीच कळलेलं नाही. अजून मोजायचंय." तेवढं बोलून मग खाल्ला.

पुढचं काम पुण्याच्या मोठ्या जागेत गेलं, तिथे ताई आहे. बाई निवृत्त होऊन दौंडला परतल्या. जाण्याआधी शेवटचा चहा झाला, सोळा वाजून दहालाच. आबांना डबी परत मिळाली. ती गार लागत होती. आबांनी ती गालाला लावून बघितली.

बाईंनी सगळ्यांना विचारलं आणि शेवटी दाराकडे बघितलं. "तुम्ही काय पाहिलंत?"

भांडी स्वच्छ होती, असं मी म्हणणार होते. पण ते रोजचं होतं. बाई थांबल्या. मी बशी खाली ठेवली.

"साहेब पास म्हणत होते," मी म्हणाले, "आन् तुम्ही न्हाई म्हणालात. शेडमध्ये. ते म्या पाह्यलं."

बाईंनी घड्याळ उगीच वर सारलं, ते पुन्हा घसरलं.

"वाटलेलं नाही ना?"

"न्हाई बाई. पाह्यलेलं हाय."

"मग लिहून ठेवा," बाई म्हणाल्या.